प्रस्तार : एकहि न गाळतां सर्व जोड्या मांडण्याची विद्या

एखाद्या खानावळींत दोन प्रहरीं तीन भाज्या तयार आहेत, वांग्याची, भेंडीची आणि दोडक्याची. कोशिंबिरी दोन, काकडीची व गाजराची. गोड पदार्थहि दोन, श्रीखंड व शिरा. प्रत्येक ताटांत एक भाजी, एक कोशिंबीर आणि एक गोड पदार्थ वाढावयाचा असें ठरलें, तर निरनिराळीं ताटें किती होतील? गुणाकार येणाऱ्या कोणत्याहि मुलास याचें उत्तर देतां येईल : तीन गुणिलें दोन गुणिलें दोन, म्हणजे बारा. संख्या सांगणें इतकें सोपें आहे. परंतु तीं बाराहि ताटें एकामागून एक, एकहि न गाळतां आणि एकहि दोनदां न वाढतां, प्रत्यक्ष मांडून दाखवा म्हटलें, कीं जाणतीं माणसेंहि चाचपडूं लागतात. मोजणें ही एक विद्या आहे आणि मांडणें ही दुसरी. आजचें भाषण या दुसरीसंबंधीं आहे.

या कामास बहुतेक लोक दोन रीतींनीं हात घालतात. पहिली रीत स्मरणाची. सुचतील तशीं ताटें लिहीत जावयाचें, दहाअकरा झालीं कीं थांबावयाचें, आणि मग बारावें कोणतें राहिलें तें शोधण्यासाठीं पहिल्यापासून सारें पुन्हां तपासावयाचें. दुसरी रीत दिसण्यांत अधिक चतुर आहे. रोज प्रत्येक यादींतील पुढचा पदार्थ घ्यावयाचा आणि यादी संपली कीं पुन्हां पहिल्यावर यावयाचें. आज वांगें, काकडी, श्रीखंड; उद्यां भेंडी, गाजर, शिरा; परवां दोडका, काकडी, श्रीखंड. रोज ताट बदलतें, म्हणून काम नीट चाललें आहे असें वाटतें. पण सातव्या दिवशीं पहिल्या दिवसाचेंच ताट पुढें येतें! काकडीच्या संगतीस नेहमीं श्रीखंडच आलें आणि गाजराच्या संगतीस नेहमीं शिराच. गाजराची कोशिंबीर व श्रीखंड यांची गांठ या पद्धतीनें कल्पांतींहि पडावयाची नाहीं. बारांपैकीं सहा ताटें जन्मासच आलीं नाहींत, आणि मौज ही कीं, तीं आलीं नाहींत हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. चिनी कालगणनेंत दहांचें एक व बारांचें एक अशीं दोन चक्रें बरोबरच पुढें सरकतात. म्हणून तेथें वर्षांचीं नांवें १२० न होतां ६० होतात. कालगणनेस तें चालतें. जेथें सर्व जोड्या हव्या असतात तेथें मात्र सगळीं चक्रें एकदम फिरवून भागत नाहीं.

संगणकास आज्ञा लिहून देणारा जो प्रोग्रॅमर, त्याच्यापुढें हा प्रश्न नित्य येतो. तयार कपड्यांच्या दुकानाची सूची करावयाची म्हणजे प्रत्येक माप, प्रत्येक रंग आणि प्रत्येक बाही यांची प्रत्येक जोडी मांडावी लागते. एखादें यंत्र विकण्यापूर्वीं पारखावयाचें म्हणजे त्याचीं सर्व बटणें सर्व स्थितींत ठेवून पाहावीं लागतात. नवशिका प्रोग्रॅमर याचें उत्तर सहज देतो. तो यंत्रास सांगतो : प्रत्येक भाजी घे, ती भाजी धरून प्रत्येक कोशिंबीर घे, ती जोडी धरून प्रत्येक गोड पदार्थ घे, आणि ताट लिही. फेऱ्याच्या पोटांत दुसरा फेरा आणि त्याच्या पोटांत तिसरा. यांत चूक कांहींच नाहीं. बाराहि ताटें बिनचूक येतात.

अडचण पुढें आहे. उद्यां खानावळवाल्यानें चटण्यांची चौथी यादी आणली, तर हा प्रोग्रॅम निरुपयोगी झाला; त्यांत चौथा फेरा हातानें घालावा लागेल. शेजारच्या खानावळींत याद्या सात असल्या तर सात फेऱ्यांचा निराळाच प्रोग्रॅम. म्हणजे जितक्या प्रकारचे गिऱ्हाईक तितके प्रोग्रॅम! खरा प्रश्न असा आहे : याद्या किती येणार हें आज्ञा लिहिणाऱ्यास आधीं ठाऊक नसतांना एकच अशी आज्ञा कशी लिहावी, कीं जी दोन याद्यांसहि पुरेल आणि वीस याद्यांसहि पुरेल? फेऱ्यांची संख्या तर लिहितांनाच ठरून जाते. तेव्हां फेरे मोजून लिहिण्याची रीत सोडून कांहीं तरी निराळी युक्ति काढणें भाग आहे.

ती युक्ति भारतांत संगणकापूर्वीं फार फार शतकें काढली गेली होती, आणि ती काढणारे लोक गणिती नव्हते, छंदःशास्त्री होते. पिंगलाचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीं दोन-तीन शतकें मानतात. त्याच्या छंदःशास्त्रांत प्रश्न असा कीं, अमुक अक्षरांच्या चरणांत लघु-गुरूंच्या रचना किती व कोणत्या? प्रत्येक अक्षराच्या जागीं दोनच पदार्थांची यादी, एक गुरु आणि एक लघु. आणि याद्या किती, तर चरणांत अक्षरें असतील तितक्या. तीन अक्षरांच्या चरणास तीन, अकरा अक्षरांच्या इंद्रवज्रेस अकरा, सतरा अक्षरांच्या मंदाक्रांतेस सतरा. याद्यांची संख्या बदलती असणें हें येथें विषयाच्या मुळाशींच आहे. म्हणूनच छंदःशास्त्र्यांस जी रीत सांपडली ती पहिल्यापासूनच सर्वव्यापी होती. या रीतीस ते प्रस्तार म्हणत. वृत्तरत्नाकरकार केदारभट्टानें ती इतकी स्वच्छ सांगितली आहे कीं, ती जशीच्या तशी यंत्रास शिकवितां येते.

रीत अशी. पहिल्या ओळींत सर्व अक्षरें गुरु लिहावीं. पुढची ओळ करावयाची ती वरच्या ओळीकडे पाहून. वरच्या ओळींत डावीकडून पहिला गुरु जेथें असेल, त्याच्या खालीं लघु लिहावा. त्याच्या उजवीकडचीं अक्षरें वर जशीं असतील तशींच खालीं उतरावीं. त्याच्या डावीकडच्या सर्व जागा पुन्हां गुरूंनीं भराव्या. असें करीत जावें. सर्व लघूंची ओळ आली कीं प्रस्तार संपला. गुरूस ऽ आणि लघूस । हें चिन्ह घेऊन तीन अक्षरांचा प्रस्तार असा होतो :

ऽ ऽ ऽ म
। ऽ ऽ य
ऽ । ऽ र
। । ऽ स
ऽ ऽ । त
। ऽ । ज
ऽ । । भ
। । । न

शाळेंत वृत्तें शिकलेल्या श्रोत्यांस हे आठ गण ओळखीचे वाटतील. ग्रंथांत त्यांचा म, य, र, स, त, ज, भ, न हा जो क्रम येतो तो कोणाच्या लहरीनें लागलेला नाहीं. तो प्रस्तारांतून निघालेला क्रम आहे. पाठांतर करणाऱ्या पिढ्यान्‌ पिढ्यांनीं तो तोंडपाठ केला, परंतु तो असाच कां, हें विचारणारे विद्यार्थी थोडे आणि सांगणारे शिक्षक त्याहून थोडे.

आतां या नियमाची खुबी पाहावी. त्यांत अक्षरांच्या संख्येचा उल्लेख कोठेंहि नाहीं. तीन अक्षरें असोत कीं सव्वीस, वाक्य तेंच. मागें काय काय लिहून झालें याची आठवण ठेवावी लागत नाहीं. नुकतीच लिहिलेली एक ओळ डोळ्यांसमोर असली म्हणजे पुरे. पाटीवर एकच ओळ राहण्याइतकी जागा असली तरी पुसून पुसून सगळा प्रस्तार करतां येतो. आणि थांबावें केव्हां हेंहि नियमच सांगतो : ज्या ओळींत पुढें सरकण्याजोगा एकहि गुरु उरला नाहीं, ती शेवटची.

लघु-गुरूंच्या जागीं कोणत्याहि याद्या ठेवल्या तरी नियमाचा गाभा बदलत नाहीं. पहिल्या ओळींत प्रत्येक यादींतील पहिला पदार्थ घ्यावा. पुढें जातांना, जिच्यांत आणखी पुढें जाण्यास जागा आहे अशी पहिली यादी शोधून ती एक पाऊल सरकवावी, तिच्या अलीकडच्या सर्व याद्या पुन्हां आरंभावर आणाव्या आणि पलीकडच्या जशाच्या तशा राहूं द्याव्या. वांगें, काकडी, श्रीखंड, मग भेंडी, काकडी, श्रीखंड, मग दोडका. दोडका ही भाज्यांची शेवटची पायरी. म्हणून आतां गाजर पुढें सरकतें आणि भाजी पुन्हां वांग्यावर येते. भाज्या संपल्या कीं कोशिंबीर सरकते, कोशिंबिरी संपल्या कीं गोड पदार्थ सरकतो, आणि शेवटीं दोडका, गाजर, शिरा हें ताट आलें कीं काम आटोपलें. जुन्या मोटारींत कापलेलें अंतर दाखविणारीं जीं आंकड्यांचीं चाकें असत, त्यांचें चालणें हेंच. नवाचा शून्य होतांना शेजारचें चाक एका घरानें ढकललें जातें. फरक एवढाच कीं, तेथें प्रत्येक चाकावर दहाच घरें असतात आणि येथें कोणा चाकावर तीन, कोणावर दोन.

संगीतांतील एक उदाहरण याहून मनोरंजक आहे. सतराव्या शतकांत दक्षिणेंत व्यंकटमखीनें ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ लिहिली आणि तींत बहात्तर मेल सांगितले. बहात्तर हा आंकडा कोठून आला? षड्ज व पंचम अचल. ऋषभ-गांधारांच्या शक्य जोड्या सहा, धैवत-निषादांच्या शक्य जोड्या सहा, आणि मध्यम दोन. दोन गुणिलें सहा गुणिलें सहा, बहात्तर. त्यांतील जे थोडे मेल त्या काळीं गायनवादनांत प्रत्यक्ष प्रचलित होते, त्यांची संख्या त्यानें एकोणीस दिली आहे. तरीहि त्यानें बहात्तरचीहि मांडणी केली, कारण त्यास काय प्रचलित आहे एवढेंच सांगावयाचें नव्हतें, काय शक्य आहे तें सांगावयाचें होतें. या मेलांचा क्रम पाहिला तर तोहि चाकांचाच आहे. येथें उजवें चाक शीघ्र आहे. ऋषभ-गांधाराची एक जोडी धरून धैवत-निषादाच्या सहा जोड्या फिरतात. तें एक चक्र झालें. मग ऋषभ-गांधार एक पाऊल सरकतात. अशीं सहा चक्रें, म्हणजे छत्तीस मेल झाले, कीं शुद्ध मध्यम जाऊन तीव्र मध्यम येतो आणि सारें पुन्हां पहिल्यापासून.

क्रम असा बांधलेला असला म्हणजे एक अपूर्व सोय होते : मधलें कांहींच न लिहितां हव्या त्या क्रमांकाची रचना काढतां येते. पासष्टावा मेल कोणता? पासष्टांतून एक वजा केला, चौसष्ट. त्यास सहांनीं भागलें. भागाकार दहा, बाकी चार. शून्यापासून मोजतां चार म्हणजे धैवत-निषादाची पांचवी जोडी. आतां त्या दहांस पुन्हां सहांनीं भागलें. भागाकार एक, बाकी चार. म्हणजे ऋषभ-गांधाराचीहि पांचवी जोडी, आणि शिल्लक राहिलेला एक म्हणजे मध्यम दुसरा, तीव्र. पांचव्या जोड्या म्हणजे शुद्ध ऋषभ-गांधार आणि शुद्ध धैवत-निषाद. सर्व स्वर शुद्ध आणि मध्यम तेवढा तीव्र : हा तर कल्याण थाट, ज्यांतून यमन गातात. त्यांतून छत्तीस वजा केले तर एकोणतिसावा येतो, तो बिलावल. दक्षिणेंत पुढें या मेलांस जीं नांवें रूढ झालीं त्यांच्या पहिल्या दोन अक्षरांतच हे आंकडे कटपयादि पद्धतीनें गुंफलेले आहेत. मेचकल्याणींतील ‘मे’ म्हणजे पांच आणि ‘च’ म्हणजे सहा. उलट वाचले कीं पासष्ट. धीरशंकराभरणांतील ‘धी’ नऊ आणि ‘र’ दोन. उलट वाचले कीं एकोणतीस. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं या बहात्तर मेलांचा अभ्यास करून उत्तर हिंदुस्थानी संगीतासाठीं दहाच थाट घेतले. त्या निवडीबद्दल जाणकारांत पुष्कळ वाद झाले आणि अजून होतात. तथापि दहा निवडण्यापूर्वीं बहात्तर समोर मांडलेले होते, हें विसरून चालणार नाहीं.

क्रमांकावरून रचना काढण्यास छंदःशास्त्रांत नष्ट म्हणतात, आणि रचनेवरून क्रमांक काढण्यास उद्दिष्ट. या दोन रीती हौसेखातर निघालेल्या नाहींत. एका चरणांत सव्वीस अक्षरें असलेल्या उत्कृति नांवाच्या छंदाचे भेद ६,७१,०८,८६४ होतात. दर सेकंदास एक ओळ लिहिणारा लेखक रात्रंदिवस न थांबतां लिहूं लागला तरी त्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. एवढा प्रस्तार कोणी लिहिला नाहीं आणि लिहिण्याचें कारणहि नव्हतें. हवी ती ओळ काढतां आली म्हणजे झालें. आजच्या चांगल्या प्रोग्रॅमिंग-भाषाहि याच बाण्यानें वागतात. पायथन नांवाच्या भाषेंत २००८ सालापासून यासाठीं ‘प्रॉडक्ट’ नांवाचें तयार साधन आहे. त्यास दोन याद्या द्या कीं दहा द्या, तें सगळ्या जोड्यांचा ढीग करून ठेवीत नाहीं. मागाल तेव्हां पुढची एक जोडी काढून देतें आणि थांबतें.

याद्या कितीहि असल्या तरी चालणारी आणखी एक रीत आहे, आणि ती वाढप्याच्या रीतीसारखी आहे. आरंभीं एक रिकामें ताट घ्यावें. पहिली यादी आली कीं त्या ताटाच्या तीन प्रती करून प्रत्येकींत एकेक भाजी वाढावी. दुसरी यादी आली कीं त्या तीन ताटांचीं सहा करावीं, तिसरी आली कीं बारा. याद्या संपल्या कीं थांबावें. समजण्यास ही रीत प्रस्ताराहूनहि सोपी आहे. तिचा दोष इतकाच कीं सगळीं ताटें एकदम मांडून ठेवण्यास पंगतीची जागा लागते.

या रीतीनें दोन गमतीचे प्रश्नहि आपोआप सुटतात. एकहि यादी दिली नाहीं तर ताटें किती? शून्य, असें घाईनें कोणीहि म्हणेल. पण आरंभींचें रिकामें ताट तसेंच राहतें. म्हणून उत्तर एक. आणि तिन्ही याद्या आहेत, परंतु आज गोड पदार्थ केलाच नाहीं, ती यादी रिकामी आहे, तर? आतां उत्तर शून्य, कारण प्रत्येक ताटांत एक गोड पदार्थ पाहिजेच असा करार होता. गोड नाहीं म्हणून जेवणच नाहीं! माणूस अशा वेळीं ती यादी मनानेंच वगळून सहा ताटें वाढील. यंत्रास तो पोंच नसतो. यादी नसणें आणि यादी रिकामी असणें यांतील भेद यंत्रास सांगावा लागतो, आणि तो न सांगितल्यामुळें दुकानाची सबंध सूची कोरी छापली जाण्याचे प्रसंग प्रोग्रॅमरांच्या व्यवहारांत नवे नाहींत. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या लीलावतींत आठ दारांच्या राजवाड्याचा प्रश्न घातला आहे : एक, दोन, तीन अशीं दारें उघडीं ठेवून किती प्रकार होतील? प्रत्येक दार उघडें किंवा मिटलेलें, म्हणजे दोन पदार्थांच्या आठ याद्या, आणि प्रस्ताराप्रमाणें २५६ प्रकार. उत्तर मात्र २५५ आहे. सगळीं दारें मिटलेलीं हा प्रकार राजवाड्याच्या कामाचा नाहीं, म्हणून तो जाणून वगळला आहे. सहा रसांच्या मिश्रणांचे ६३ प्रकार येतात तेहि असेच, चौसष्टांतून एक रसहीन वगळून. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे, ते हेच भास्कराचार्य.

येथवरचीं उदाहरणें ताटांचीं आणि सुरांचीं झालीं. परंतु याद्यांची संख्या एकानें वाढल्यामुळें माणसें प्राणांस मुकलीं, असाहि प्रसंग इतिहासांत आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सैन्य एनिग्मा नांवाच्या यंत्रानें आपले संदेश गुप्त करीत असे. त्यांत सव्वीस अक्षरांचीं तीन चाकें बसविलेलीं असत. चाकांच्या आरंभस्थिती किती? सव्वीस गुणिलें सव्वीस गुणिलें सव्वीस, म्हणजे १७,५७६. शिवाय तीन चाकें कोणत्या क्रमानें बसवावयाचीं याचे सहा प्रकार. १९३८ सालीं पोलंडांतील गणिती मारियान रेयेव्स्की यानें या स्थिती आपोआप तपासणारें यंत्र योजिलें, आणि सहा क्रमांसाठीं तशीं सहा यंत्रें बनविण्यांत आलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जर्मनांनीं पेटींत आणखी दोन चाकें ठेवलीं. पांचांतून तीन निवडून बसवावयाचीं. क्रम सहांचे साठ झाले. या ठिकाणीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, ह्या याद्या पूर्णपणें स्वतंत्र नाहींत. पहिल्या जागीं बसविलेलें चाक दुसऱ्या जागेच्या यादींतून गळतें, म्हणून गुणाकार पांच गुणिलें चार गुणिलें तीन असा होतो. पोलंडच्या तुटपुंज्या साधनांस साठ क्रम झेपेनात, आणि १९३९ च्या जुलैंत त्यांनीं आपली सारी विद्या इंग्रज व फ्रेंच यांच्या स्वाधीन केली.

इंग्लंडांत ब्लेचली पार्क येथें अॅलन ट्युरिंग व गॉर्डन वेल्चमन यांनीं बॉम्ब नांवाचें निराळें यंत्र रचिलें. त्यांतील पहिलें १९४० च्या मार्चमध्यें सुरू झालें. त्यांत शीघ्र, मध्यम आणि मंद अशीं फिरतीं पिंपें होतीं आणि तीं प्रस्ताराच्याच चालीनें चालत. एका क्रमाच्या १७,५७६ स्थिती तपासण्यास सुमारें वीस मिनिटें लागत. आरमाराच्या पेटींत तर आठ चाकें होतीं, म्हणजे क्रम ३३६. तरीहि युक्तिप्रयुक्तीनें ते कमी करून काम चाले आणि अटलांटिक समुद्रांतील पाणबुड्यांचे संदेश वाचले जात.

१९४२ च्या १ फेब्रुवारीस या पाणबुड्यांनीं चौथें चाक बसविलें. ब्लेचलीचीं यंत्रें तीन चाकांचीं. तीन फेऱ्यांच्या प्रोग्रॅमपुढें चौथी यादी यावी तशी ही स्थिति झाली. आरंभस्थिती १७,५७६ च्या ४,५६,९७६ झाल्या. वीस मिनिटांचें काम साडेआठ तासांवर गेलें, आणि तेंहि एकाच क्रमाचें. सुमारें दहा महिने त्या संदेशांतून कांहीं कळेना आणि त्या काळांत जहाजांचे तांडे आंधळ्यासारखे पाणबुड्यांच्या वाटेंत जात राहिले. ३० ऑक्टोबर १९४२ रोजीं भूमध्यसमुद्रांत पोर्ट सैदच्या आघाडीस यू-५५९ ही जर्मन पाणबुडी बुडूं लागली असतां ब्रिटिश नाविक अँथनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर हे तिच्यांत उतरले. त्यांनीं आंतील सांकेतिक पुस्तकें वर दिलीं आणि ते पाणबुडीबरोबरच बुडाले. त्या पुस्तकांच्या आधारें कळलें कीं, हवामानाचे लहान संदेश पाठवितांना जर्मन लोक चौथें चाक तटस्थ जागीं ठेवतात, म्हणजे तेवढ्यापुरतें यंत्र तीन चाकांचेंच होतें. जुन्या बॉम्बनें तीन चाकें उलगडावीं, मग चौथ्याच्या सव्वीस जागा पाहाव्या. गुणाकाराची बेरीज झाली! डिसेंबरांत संदेश पुन्हां वाचतां येऊं लागले. चार चाकांस पुरेशीं वेगवान यंत्रें पुढें १९४३ सालीं अमेरिकेंत डेटन येथें बनलीं.

तेव्हां सर्व जोड्या मांडण्याची रीत हातीं असली तरी सर्व जोड्या तपासण्यास वेळ असतोच असें नाहीं. वीस बटणांच्या यंत्राच्या स्थिती दहा लाखांवर जातात. त्या एकेक करून कोण पाहणार? अशा ठिकाणीं थोड्यांत काय साधतें, याचें उत्तर कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील सी. आर. राव यांच्या १९४७ सालच्या निबंधानें दाखविलें. उदाहरण शेताचें घ्यावें. बियाणें तीन जातींचें, खत तीन प्रकारचें, पाणी तीन मापांचें आणि दोन रोपांतील अंतर तीन प्रकारचें. सर्व जोड्या ८१ होतात. परंतु केवळ नऊ वाफे असे निवडतां येतात कीं, कोणत्याहि दोन गोष्टी घेतल्या तर त्यांच्या नऊच्या नऊ जोड्या त्यांत एकेकदां येऊन जातात : प्रत्येक बियाणें प्रत्येक खताबरोबर, प्रत्येक खत प्रत्येक पाण्याबरोबर, आणि असेंच पुढें. प्रोग्रॅम पारखणारेहि आतां याच जातीचे तक्ते वापरतात, कारण पुष्कळसे दोष कोणत्या तरी एका किंवा दोन गोष्टींच्या गांठीनें उद्भवतात, आणि ते या नऊ वाफ्यांत सांपडतात. तीन गोष्टी एकत्र आल्यानेंच उद्भवणारा दोष मात्र त्यांतून निसटूं शकतो. तो नक्की धरावयाचा तर याच चार याद्यांसाठीं सत्तावीस ओळी लागतात. आणि चारहि गोष्टी एका विशिष्ट मेळानें जुळल्याखेरीज जो दिसत नाहीं, त्यासाठीं ८१ च्या ८१.